एकच माईक, टोरोंटोचं एक चर्च आणि आमच्या तात्यांचं भजन

या आठवड्याच्या भागाचा हा मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं किंवा ज्यांचा डेटा रात्री आठलाच संपतो, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आज एका बँडबद्दल बोलायचंय. कॅनडाचा आहे, नाव काउबॉय जंकीज. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण ती झाली नसती तर हा बँड मी कधी ऐकलाच नसता.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. विठ्ठल मंदिरात दर एकादशीला रात्री भजन असतं. एके काळी मंडळात पंचवीस माणसं होती, आता आठ-नऊ उरलीत. मुख्य गाणारे तात्या, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय 81. सूर अजून पक्का आहे, पण आवाज बारीक झालाय. गेल्या दिवाळीनंतरच्या एकादशीला मी ठरवलं, की हे रेकॉर्ड करून ठेवायचंच. पुढच्या वर्षी सगळे मांडी घालून बसू शकतील की नाही, कुणी सांगावं.

मी पडलो बीटेक, त्यात सॉफ्टवेअरवाला. डोक्यात लगेच आर्किटेक्चर तयार. घरातले चार फोन गोळा केले. एक तात्यांसमोर, एक पेटीजवळ, एक पखवाजाच्या पुढ्यात, एक टाळकऱ्यांच्या मध्ये. नंतर लॅपटॉपवर चारही ट्रॅक एकाखाली एक लावायचे, तात्यांचा आवाज वाढवायचा, टाळ कमी करायचे, की झालं.

झालं काहीच नाही. पहिली गोची, फोनचं रेकॉर्डर ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. जो आवाज बराच वेळ एकसारखा चालू राहतो तो त्याच्या लेखी गोंगाट. पंखा, एसी, गाडीचं इंजिन. पेटीचा धरून ठेवलेला सूर त्याला पंख्यासारखाच वाटला आणि त्याने तो इमानदारीत पुसून टाकला. ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांना हे माहीत असेल, गुरुजींना तुमचा तानपुरा ऐकूच जात नाही. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी 'ओरिजिनल साउंड' नावाचं सेटिंग द्यावं लागलं ते याचमुळे.

दुसरं, आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी फोनची सोय. टाळ खणखणले की फोन सगळंच खाली दाबायचा, टाळ थांबले की वर ओढायचा. तात्या जणू दर ओळीला खोलीतून बाहेर जाऊन परत येतायत.

आणि तिसरी गोची मला खरंच अपेक्षित नव्हती. प्रत्येक फोनचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दोन फोनांत दहा लाखांमागे वीसचा फरक धरा, अगदी मामुली. पण चाळीस मिनिटं म्हणजे 2400 सेकंद, त्यात हा फरक 48 मिलिसेकंद होतो. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो. म्हणजे भजन संपेपर्यंत पखवाज जणू सोळा मीटर लांब, मंदिराबाहेरच्या पिंपळाखाली जाऊन बसला होता.

दोन रात्री जागून मी हे बऱ्यापैकी दुरुस्त केलं. तात्यांचा आवाज स्वच्छ, पुढे, सिनेमातल्या गाण्यासारखा. मग त्यांच्या कानाला हेडफोन लावले. दोन-तीन मिनिटं ऐकलं त्यांनी. मग हेडफोन काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यात मी एकलाच बसलोय की रं. बाकीची मानसं कुठं गेली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. तो बेस गिटार वाजवतो, असल्या भानगडीतलं त्याला कळतं. तो म्हणाला, 'द ट्रिनिटी सेशन' ऐक. हेडफोन लावून, रात्री, दिवे बंद करून.

तर आता बँड.

काउबॉय जंकीज टोरोंटोमध्ये 1985च्या सुमारास जमले. चौघं जण. मायकेल टिमिन्स गिटार वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो. त्याची बहीण मार्गो गाते. भाऊ पीटर ड्रम्सवर. आणि मायकेलचा लहानपणापासूनचा मित्र ॲलन अँटन बेसवर. आजही हेच चौघं आहेत. चाळीस वर्षं एकच टीम! आमच्याकडे दोन अप्रेझल झाली की अर्धी टीम बदललेली असते.

ते वाजवतात त्याला रूट्स म्युझिक म्हणतात. अमेरिकेत शेतावर, घराच्या ओसरीवर, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात जे गाणं वाढलं ते. ब्लूज, कंट्री, गॉस्पेल, डोंगराळ भागातली लोकगीतं. पुढचं रॉक यातूनच आलं. आपल्याकडे ओवी, भारूड, लावणी, भजन या सगळ्यांना मिळून एक शब्द काढला तर जसा होईल, तसा तो शब्द आहे. ढोबळ, पण उपयोगी.

गंमत म्हणजे मायकेल आणि ॲलन यांचे आधीचे बँड अजिबात असे नव्हते. न्यूयॉर्क, लंडन करून आलेली, मोठ्या आवाजात वाजवणारी पोरं ही. टोरोंटोत परतल्यावर घराच्या गॅरेजमध्ये सराव सुरू केला आणि शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. मग आवाज कमी करावा लागला. मार्गो तोवर लोकांसमोर कधी गायली नव्हती. तिचा आवाज मुळात हळू, कानाशी बोलल्यासारखा. बाकीच्यांनी वाद्यं खाली आणली तेव्हा तो नीट ऐकू यायला लागला. मग तिला ऐकू यावं म्हणून ते आणखी खाली आले. ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश आले. लोक याला बँडची 'शैली' म्हणतात. मला ती निम्मी शेजाऱ्यांची देणगी वाटते.

याच काळात त्यांना पीटर मूर भेटला. हा ध्वनिमुद्रण करणारा, आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ, सगळा बँड एका माईकवर रेकॉर्ड करायचा. त्याच्याकडे कॅलरेक नावाच्या ब्रिटिश कंपनीचा ॲम्बिसॉनिक माईक होता. 1986 साली त्याने या चौघांचा पहिला अल्बम त्याच गॅरेजमध्ये त्याच एका माईकवर केला. त्यात बहुतेक जुने ब्लूज होते. मग बँड व्हॅन घेऊन अमेरिकेच्या दक्षिण भागात गाणी करत फिरला, तिथे कंट्री संगीत मनसोक्त ऐकलं, आणि परत आला तेव्हा डोक्यात दुसरा अल्बम होता. त्यासाठी गॅरेज पुरणार नव्हतं. खोली हवी होती, आवाज घुमेल अशी.

ती खोली म्हणजे टोरोंटोच्या मध्यवस्तीतलं चर्च ऑफ द होली ट्रिनिटी. 1847चं बांधकाम. मेरी लँबर्ट स्वेल नावाच्या इंग्लंडमधल्या बाईने नाव न सांगता पाच हजार पौंड दिले होते आणि अट घातली होती, की इथल्या बाकांवर बसायला कधीच पैसे लागणार नाहीत. त्या काळी चर्चमधल्या जागा श्रीमंत घरं भाड्याने घेऊन ठेवायची, म्हणून ही अट. 1970च्या दशकात चर्चला खेटून ईटन सेंटर हा अवाढव्य मॉल उभा राहिला. त्यासाठी चर्च पाडायचा बेत होता, पण तिथल्या मंडळींनी तो हाणून पाडला. ते जुनं चर्च आजही मॉलच्या पाठीशी उभं आहे.

27 नोव्हेंबर 1987 या दिवसासाठी बँडने ते भाड्याने घेतलं. आता 'काउबॉय जंकीज', म्हणजे नशेबाज गुराखी, हे नाव सांगून चर्च कोण देणार? म्हणून त्यांनी सांगितलं, आम्ही टिमिन्स फॅमिली सिंगर्स, सीबीसी रेडिओसाठी नाताळचा खास कार्यक्रम रेकॉर्ड करतोय. थाप होती, पण अगदीच खोटी नाही. चौघांपैकी तिघं टिमिन्स घरातलेच होते.

आता माईककडे येतो, कारण आजच्या भागाचा खरा मुद्दा तिथे आहे.

साध्या माईकला एक कान असतो असं समजा. ॲम्बिसॉनिक माईकला चार असतात, एका छोट्या तीन-बाजूंच्या पिरॅमिडच्या चार पृष्ठांवर बसवल्यासारखे, एकमेकांना जवळजवळ चिकटून. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात मायकेल गर्झन आणि इतरांनी याचं गणित मांडलं. चार कानांच्या बेरजा-वजाबाक्या केल्या की चार सिग्नल मिळतात. एकात सगळीकडून आलेला आवाज, दुसऱ्यात पुढे-मागेचा फरक, तिसऱ्यात डावे-उजवेचा, चौथ्यात वर-खालीचा. म्हणजे आवाज किती मोठा हेच नाही, तर तो कुठून आला हेही साठवलं जातं. तुम्ही यूट्यूबवर 360 अंशांचा व्हिडिओ बघताना मान वळवता आणि आवाजही फिरतो, तिथे हेच जुनं गणित आतून चालू असतं. चर्चमध्ये मात्र त्यातून थेट डावा आणि उजवा असे दोन ट्रॅक काढून तेवढेच डिजिटल रेकॉर्डरवर उतरवले. बस्स.

दोनच ट्रॅक, याचा अर्थ समजून घ्या. माझ्याकडे चार फोनांचे चार ट्रॅक होते, मी नंतर बसून टाळ कमी करू शकत होतो. निदान तसा माझा भ्रम होता. इथे 'नंतर' हा प्रकारच नाही. गिटार आणि ड्रम एकाच सिग्नलमध्ये घोळलेत, दुधात साखर विरघळल्यावर ती वेगळी काढता येत नाही तसे. मग ड्रम जास्त वाजले तर काय करायचं?

ड्रमवाल्याला उचलून मागे न्यायचं!

माईकपासूनचं अंतर हीच आवाजाची कळ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवरची गिटार दोन मीटरवर नेली की सहा कमी, चार मीटरवर नेली की बारा कमी. पण चर्च म्हणजे मोकळं मैदान नव्हे. भिंती, उंच छत, दगड-लाकूड, सगळीकडून आवाज परत येतो. एका अंतरापलीकडे गेलं की थेट येणाऱ्या आवाजापेक्षा हा घुमून आलेला आवाज जास्त होतो, आणि मग वाद्य आणखी मागे नेलं तरी ते फारसं हळू होत नाही, फक्त 'लांब' वाटायला लागतं. म्हणजे एकाच सरकवण्यात दोन गोष्टी बदलतात, आवाज किती आणि घुमारा किती. मिक्सिंगच्या ॲपमध्ये यासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात. इथे दोन्हीचं काम एक खुर्ची करते.

म्हणून त्या दिवशी सकाळपासून त्यांनी काय केलं, तर कमीत कमी वाद्यं असलेली गाणी आधी घेतली. ती जमली की एक वाद्य वाढवायचं, पुन्हा ऐकायचं, कुणाला पुढे, कुणाला मागे, कुणाचा ॲम्प्लिफायर थोडा फिरवून. प्रत्येक गाण्यात एखादाच नवा प्रश्न सोडवायचा. एकदम सगळे बदल करून काय बिघडलं ते शोधत बसायचं नाही. हे वाचून माझ्यातला इंजिनियर खूश झाला, कबूल करतो. साधारण सहा तास हा खेळ चालला. शेवटचे पाहुणे वादक आले तोवर जागा पक्क्या झाल्या होत्या. फिडल, मँडोलिन, माउथ ऑर्गन, ॲकॉर्डियन, पेडल स्टील गिटार वाजवणारे हे पाहुणे, आणि त्यातल्या काहींनी बँडबरोबर आधी एकदाही सराव केलेला नव्हता.

आणि मार्गो? तिच्या हळू आवाजाचं काय? माईकच्या अगदी जवळ उभं केलं असतं तर ती बाकीच्यांपासून तुटल्यासारखी ऐकू आली असती. तोंडाशी माईक असला की घुमारा गायब होतो आणि श्वास मोठा होतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला सगळ्यात आवडतो. चर्चमध्ये आधीच्या कुणीतरी मागे ठेवलेली स्पीकरची यंत्रणा पडून होती. मार्गो त्यात गायली. तिचा आवाज स्पीकरमधून चर्चच्या हवेत आला आणि त्या हवेतून तो मुख्य माईकने उचलला. म्हणजे रेकॉर्डिंगच्या दृष्टीने मार्गो हेसुद्धा खोलीत ठेवलेलं एक वाद्यच झालं. तिच्यावर तोच घुमारा, जो ड्रमवर आहे. सगळे एकाच छताखाली.

नंतर मिक्सिंग नाही, वरून काही भरलेलं नाही, चुका कापलेल्या नाहीत. आमच्या भाषेत, टेस्टिंग सर्व्हरच नाही, थेट प्रॉडक्शनवर.

एक दुरुस्ती करतो, कारण इंटरनेटवर 'अख्खा अल्बम एका दिवसात' अशी दंतकथा फिरत असते. अल्बममधलं पहिलं गाणं, ज्यात मार्गो साथीशिवाय एकटी गाते, ते त्या दिवशी साधलं नाही. काही दिवसांनी टोरोंटोच्याच मॅसी हॉलमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मधल्या सुट्टीत ते उरकलं. मला हे कळल्यावर उलट बरं वाटलं.

अल्बम 1988 साली आला. आधी त्यांच्या स्वतःच्या छोट्या लेबलवर, मग आरसीएने तो जगभर नेला. त्यातलं 'स्वीट जेन' हे व्हेल्वेट अंडरग्राउंडचं गाणं सर्वांत गाजलं. मूळ गायक-गीतकार लू रीडनेही या आवृत्तीची तारीफ केली. हँक विल्यम्सचं एक आहे, पॅट्सी क्लाइनने गाजवलेलं एक आहे. तो काळ आठवा, म्हणजे यूट्यूबवर बघा, सिंथेसायझर आणि ढणाढणा घुमणाऱ्या ड्रमचा होता. त्यात हा अल्बम म्हणजे भर लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी शेजारी बसून हळूच बोलावं, तसा.

पहिल्यांदा मी तो फोनच्या स्पीकरवर लावला आणि दोन मिनिटांत कंटाळलो. खोटं कशाला बोलू. सगळं संथ, सगळं एकसारखं. मित्र चिडला, तू दिवे तरी बंद केलेस का? रात्री हेडफोन लावले तेव्हा कळलं. गाण्याआधी एक-दोन सेकंद खोली ऐकू येते. कुणी वाजवत नसताना असलेली खोली. मग बेस येतो आणि तो 'डावीकडे' नसतो, तो तिथे कुठेतरी असतो, थोडा मागे. माउथ ऑर्गन सुरू झाला की चर्चचं छत किती उंच असेल ते कळायला लागतं. आणि बँड जे करतो ते मार्गो गायला लागताच ऐकू येतं. सगळे एक पाऊल मागे सरतात. कुणी पट्टी खाली ओढलेली नाही, सरकणारी माणसं आहेत. तिचा शब्द संपतो, मग गिटार थोडी पुढे येते. पुढच्या शब्दाला परत मागे.

हे करायचं तर वाजवताना दुसऱ्याला ऐकावं लागतं. स्टुडिओत जो तो आपल्या काचेच्या खोलीत, कानात हेडफोन, त्यात स्वतःचा आवाज मोठा करून घेतलेला. एकमेकांचा तोल राखणं हे नंतर बसणाऱ्या माणसाचं काम. एका माईकवर ते काम आधी आणि वाजवणाऱ्यांनीच करावं लागतं.

तसं हे खूळ पीटर मूरचंच नव्हतं. माईक यायच्या आधी भोंग्यासमोर गायचे तेव्हाही अंतरच सगळं ठरवायचं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या निघाल्या त्या अशाच भोंग्यासमोर गाऊन. हळू वाद्य भोंग्याजवळ, मोठं वाद्य लांब. अमेरिकेत ब्लूग्रासवाले तर स्टेजवर एका माईकभोवती अक्षरशः नाचतात. ज्याची वाजवायची पाळी तो पुढे घुसतो, बाकीचे खांदे वळवून वाट देतात. डेल मॅकोरी बँडचे व्हिडिओ बघा, कुणाचं बँजो कुणाच्या फिडलला आपटत कसं नाही, हेच बघत बसाल.

काउबॉय जंकीजच्या मैफलींबद्दल दोन शब्द. सुरुवातीच्या काळात मार्गो इतकी बुजायची की प्रेक्षकांकडे पाठ करून गायची. आताचे व्हिडिओ बघितले तर ती बसलेली असते, शेजारी छोटं टेबल, त्यावर फुलं, आणि दोन गाण्यांमध्ये ओसरीवर बसून बोलावं तशी बोलते. मोठ्या थिएटरात अर्थातच प्रत्येकाला वेगळा माईक असतो. तरी ती मागे सरण्याची सवय तशीच आहे. लोक 'जवळिकीची मैफल' म्हटलं की छोटी जागा, मंद दिवे, मोजकी तिकिटं असं समजतात. मला वाटतं, त्याचा जागेशी संबंध कमीच. 2007 साली ते 'ट्रिनिटी रिव्हिजिटेड'साठी त्याच चर्चमधल्या गाण्यांकडे परत आले, बरोबर नॅटली मर्चंट, रायन ॲडम्स, विक चेस्नट असे पाहुणे. तोही चांगला आहे. पण माझं मत विचाराल तर आधी 1988चा.

आता परत आमच्या गावात.

पुढच्या एकादशीला मी मित्राचा छोटा हँडी रेकॉर्डर घेऊन गेलो. ॲम्बिसॉनिक वगैरे काही नाही, वर दोन माईक असलेला साधा स्टिरिओ. आपोआप पातळी बदलणारं सेटिंग बंद, गोंगाट कापणारं बंद, फाइल डब्ल्यूएव्ही. दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये वाळू भरून बांबू उभा केला आणि त्याला रेकॉर्डर बांधला, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर वर.

आधी फक्त पेटी आणि तात्या. मग पखवाज. पखवाजवाल्या अण्णांनी डाव्या पुडीला ताजी कणीक लावली होती, त्यामुळे 'धा' असा काही घुमला की त्यांना माईकपासून दहा-अकरा फुटांवर, खांबाच्या पलीकडे न्यावं लागलं. टाळकरी तर पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. त्यावर एकजण भडकलेच. "आमास्नी दारात बसवतोस व्हय रं? चपला राखायला?" शेवटी चहा मागवला.

तरी तात्या कमीच पडत होते. जवळ घेतलं की नुसता श्वास आणि दातांची शिट्टी. मग मला मार्गो आठवली. मंदिराचा जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर होताच, काकड्याला लावतात तो. तात्यांच्या हातात त्याचा माईक दिला आणि स्पीकर त्यांच्याच पाठीमागे ठेवून आवाज अगदी थोडा सोडला, जेमतेम. चौथ्या प्रयत्नात शिट्टी मारायचा थांबला.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. मी एक अभंग रेकॉर्ड करून सगळ्यांना स्पीकरवर ऐकवला. कुणी काही बोललं नाही. पुढचा अभंग सुरू झाला आणि ते मघाचे भडकलेले टाळकरी तात्या तोंड उघडतायत असं दिसलं की टाळ नुसते किणकिणवायला लागले, आणि धृपदाला सगळ्यांनी मिळून म्हणताना पुन्हा मोकळे सोडायला लागले. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. पूर्वी पंचवीस माणसं होती तेव्हा हे त्यांना येतच असणार. मधल्या काळात कर्ण्यावर भजन सुरू झालं, प्रत्येकाच्या तोंडासमोर माईक आला आणि गरजच उरली नाही.

रात्री एक वाजता तात्यांना परत हेडफोन लावले. डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात उठला. मिटल्या डोळ्यांनीच बोट उजवीकडे, "ही पेटी." मग थोडं मागे, "अण्णा, खांबापलीकडं." मग दाराच्या दिशेने, "आन् ही चपला राखनारी." आणि हसायला लागले.

या भागाच्या ऑडिओत शेवटी त्यातलाच साडेतीन मिनिटांचा तुकडा लावलाय, मंडळाला विचारून. हेडफोन लावूनच ऐका. दुसऱ्या मिनिटाला डावीकडून उजवीकडे एक स्कूटर जाते. ती काढता येत नाही, मी प्रयत्न केला. ती तात्यांच्याच आवाजात मिसळलीय.